बाईंनी आणलेलं मशीन

काल शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं मला थेट कोल्हापुरातल्या टायपिंग क्लासात नेऊन बसवलं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कोडोलीहून एसटीनं यायची. सरकारी परीक्षेला क्लासचीच मशीनं केंद्रावर न्यावी लागत. पेपरला वीस मिनिटं उरली असताना माझ्या टाइपरायटरचा गाडा ओढणारा पट्टा तुटला. मला रडूच फुटलं. यंदा नापास झाले तर लग्न उरकायचं, असं वडिलांनी बजावलं होतं.

शिकवणाऱ्या बाई फाटकाशीच उभ्या होत्या. “रडतीस काय? जाग्यावर बस की, बोटं मोकळी कर!” असं ओरडून त्या दोन गल्ल्या पलीकडच्या क्लासकडं पळाल्या. परतल्या तेव्हा ते जड मशीन त्यांच्या डोक्यावर होतं. इस्त्रीच्या साडीला काळं तेल लागलं होतं, केस सुटले होते. पोरं फिदीफिदी हसली. मला बाईंची लाज वाटली. मान खाली घालून मी मशीन घेतलं.

मी पास झाले. कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, स्वतःच्या पायावर उभी राहिले.

आता वाटतं, त्या हसणाऱ्यांच्या देखतच बाईंच्या पाया पडायला हवं होतं.