गच्चीवरची बाई आणि माझी साक्ष

माझा भुतांवर विश्वास नाही. ज्या संध्याकाळी मला ते दिसलं, त्या संध्याकाळीही नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. केंद्र सरकारच्या एका खात्यानं माझी कलकत्त्याला बदली केली. आधी आम्ही डमडमला एका खोलीत राहिलो. तिथे डोक्यावरून विमान गेलं की समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. मग पुष्कळ मिनतवाऱ्या करून बागबाजारात घोषालबाबूंच्या जुन्या घराचा वरचा मजला मिळाला. उंच छत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, वर मोकळी गच्ची! मंगल, म्हणजे माझी बायको, पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, आता बदली होईपर्यंत मी इथून हलायची नाही. सांगून ठेवते!"

गल्लीत मी लवकरच प्रसिद्ध झालो. कोणी काहीही म्हटलं की मी विचारायचो, "पुरावा काय?" मांजर आडवं गेलं म्हणून ट्राम चुकली असं कोणी सांगितलं, तर "मांजर ट्राम चालवत होतं का?" (मला चहाला बोलावणं लोकांनी याच सुमारास बंद केलं.) घरातही माझाच कायदा. सणवार, सोवळंओवळं, पूजाअर्चा सगळं बंद. मंगल यावर काहीच बोलायची नाही, आणि मला वाटायचं, तिला पटतंय.

समोरच्या घरात जज-दादू राहायचे. निवृत्त न्यायाधीश. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पण मासा ताजा आहे का, पाऊस पडेल का, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ चांगलं, सगळ्याचा निकाल तेच द्यायचे. मी घोषालबाबूंना म्हणायचो, "अहो, न्यायाधीशाला कायदा कळतो. मासळीतलं त्यांना काय कळतंय?" त्यावर घोषालबाबू माझ्याकडे दयेनं बघायचे. "माणसांना फाशी दिलीय त्यांनी, देबधरबाबू! ते चुकतील कसे?"

त्या दिवशी मार्च संपत आला होता. डब्यात श्रीखंड-पुरी होती. जगाला पुरावा मागणाऱ्या या गृहस्थानं, आज श्रीखंड कशाला, एवढं काही बायकोला विचारलं नाही. मुकाट्यानं खाल्लं. दुपारनंतर आभाळ काळंठिक्कर झालं, वादळाची लक्षणं दिसायला लागली, म्हणून साहेबांनी सगळ्यांना लवकर सोडलं.

गल्लीत शिरलो आणि थबकलो. माणसं घोळक्यानं उभी होती. सगळ्यांची तोंडं आमच्या गच्चीकडे, आणि कोणी बोलत नव्हतं. बागबाजारात माणसं जमलीत आणि बोलत नाहीत, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"देबधरबाबू," वरच्या खिडकीतून जज-दादूंचा आवाज आला, "तुमच्या गच्चीवर एक बाई आहे."

"माझी बायको असेल."

"सकाळपासून उभी आहे. पाण्याच्या टाकीमागे. वारा आला की पदर हलतो, ती हलत नाही. आणि चेहरा..." दादू थांबले. "चेहरा नाही तिला. नुसतं चकाकतं."

खालच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. घोषालबाबू माझ्याजवळ आले, हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही लोक बर्गी, बंगाल लुटायला आलेले मराठे. आमच्या लेकरांना अजून तुमचं नाव घेऊन झोपवतात. मराठ्यांना अडवायला खणलेला तो खंदक इथूनच निघायचा. बर्गी आले, या भीतीनं आमच्या घराण्यातली एक सून त्यात पडली, असं आजी सांगायची. इतकी वर्षं बिचारी निवांत होती. आता मराठा घरात राहायला आला आणि ती उठली!"

"पुरावा काय?"

"जज-दादूंनी पाहिलंय!"

"कुठल्या डोळ्यानं?"

गल्ली शहारली. घोषालबाबूंचा चेहरा उतरला, पण त्यांनी हात जोडले. "माफ करा. घर रिकामं करा. लवकरात लवकर."

बोंबला! म्हणजे पुन्हा डमडम, पुन्हा ती विमानं. शिवाय परप्रांतीयाला घर देणारे घोषालबाबू काही गल्लोगल्ली बसले नव्हते. मी तावातावानं म्हणालो, "मी आत्ता वर जातो, स्वतः पाहतो, आणि येऊन सांगतो. मग तर झालं?"

"तुम्ही सांगाल ते आम्ही मानू," जज-दादू म्हणाले. मला फार बरं वाटलं.

घरात शिरलो आणि दिवे गेले. अंधारात मंगल उभी. "अगंबाई! तुम्ही आज लवकर कसे?" तिचा आवाज थरथरत होता.

"घाबरू नकोस. मी वर जाऊन येतो."

"नको! मीच जाते."

"बायकोला पुढे केलं म्हणून हसतील लोक!"

"अहो, मला काहीतरी सांगायचंय..."

"नंतर!"

"अहो, पण..."

"नंतर म्हटलं ना!"

गच्चीचा जिना अरुंद होता. भिंतींना ओल, हात लावला की चुना बोटांना चिकटायचा. वादळ येतंय म्हणून आसपासच्या घरांतून शंख वाजायला लागले. एका घरात थांबला की दुसऱ्या घरात सुरू, आणि प्रत्येक आवाज आदल्यापेक्षा लांबून आल्यासारखा. मी स्वतःला समजावत चढत होतो. दादूंचा डोळा अधू आहे. घोषालबाबूंची आजी काही इतिहासकार नव्हे. भूत नसतंच. (मग हळू का चढतोयस, असं मला कोणी विचारलं नाही हे नशीब.)

दार ढकललं. बाहेर पिवळट काळा उजेड होता. असा उजेड मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. वारा एकदम पडलेला, शंखही थांबलेले. टाकीमागून कापडाचा फटक्, फटक् असा आवाज येत होता.

मी वळसा घातला.

ती होती. माझ्यापेक्षा उंच. जांभळ्या साडीत गच्च गुंडाळलेली. पाय नव्हते. डोकं गोल, गुळगुळीत, त्या उजेडात लालसर चमकणारं, आणि त्याला नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. मानेभोवती बटा लोंबत होत्या आणि वारा नसताना हलत होत्या. मी विचारलं, "को... कोण आहे?"

आणि ती वाकली! सबंध अंगानं, सावकाश, कपाळ माझ्याकडे करून वाकली. त्याच क्षणी माझ्या मानेवर काहीतरी गार पडलं.

(पावसाचा थेंब. हे मला नंतर सुचलं.)

खाली कसा आलो ते मला माहीत नाही. गल्लीच्या मधोमध उभा राहून मी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि तोवर मला येत नसलेल्या बंगालीत ओरडत होतो, "आहे! बाई आहे! तोंड नाही, पाय नाहीत! माझ्यापुढे वाकली!"

जज-दादूंनी फक्त मान हलवली.

तेवढ्यात जिन्यावरून मंगल उतरली. खांद्यावर बांबू. बांबूला भिजलेली जांभळी साडी, वर पालथा तांब्या, कडुनिंबाचे डहाळे आणि गाठ्या मिळाल्या नाहीत म्हणून ओवलेली बत्ताशांची माळ.

"हा घ्या तुमचा पुरावा," ती म्हणाली. "आज पाडवा आहे. ही आपली गुढी."

मी साडीचं टोक हातात घेऊन पाहिलं.

"तुम्हाला चालत नाही म्हणून टाकीमागे लपवून उभारली. सूर्य मावळायच्या आत उतरवणार होते, तर तुम्ही लवकर टपकलात. सांगायला गेले, तर 'नंतर, नंतर'! आणि काय हो? माझा लग्नातला शालू ओळखला नाहीत?"

मला इतका आनंद झाला की शरम वाटायचीसुद्धा राहिली. घर वाचलं! मी घोषालबाबूंना गुढी म्हणजे काय ते समजावलं. जज-दादू काठी टेकत खाली आले. त्यांनी बांबू चाचपला, तांब्यावर टिचकी मारली.

"ही काठी आहे," ते म्हणाले.

"तेच तर सांगतोय!"

"ही तुम्ही लहानपणापासून पाहता?"

"दर वर्षी! घरोघरी असते आमच्यात."

"मग मराठी माणूस ही पाहून घाबरेल?"

"...नाही."

"तेही देवालासुद्धा न मानणारा?"

मी घाम पुसला.

"आणि साडी पत्नीच्या लग्नातली. कुठला नवरा ती ओळखणार नाही?"

मी मंगलकडे पाहिलं. तिनं दुसरीकडे पाहिलं.

"तेव्हा," जज-दादूंनी निकाल दिला, "देबधरबाबूंनी पाहिली ती ही नव्हे. ती दुसरी."

सगळ्या गल्लीनं श्वास सोडला. मी फक्त केस उपटायचे बाकी ठेवले होते. "अहो, मी घाबरलो! मी मूर्ख आहे! मला गुढी ओळखता आली नाही!"

"घरासाठी खोटं बोलतायत बिचारे," घोषालबाबू हळहळले.

"ती तुमच्यापुढे वाकली म्हणालात ना?" दादूंनी विचारलं.

"सुतळी सैल झाली होती हो..."

"वाकली की नाही?"

"वाकली."

"मग झालं. ती बर्गीला भिते. हे इथे आहेत तोवर ती गच्चीवरून खाली उतरणार नाही. हे गेले तर..."

सगळ्यांनी वर पाहिलं. घोषालबाबूंनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. "देबधरबाबू, पाया पडतो! घर सोडू नका!"

या तर्कात किती भोकं आहेत ते सांगायला मी तोंड उघडलं. मंगलनं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांतून पाणी आलं. "एक अक्षर बोललात तर याद राखा! डमडमला तुम्ही एकटे जाल."

मी तोंड मिटलं. बदली होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो, सुखात. दिवेलागणीनंतर गच्चीवरचे कपडे मात्र मंगलच आणायची.

निवृत्त झाल्यावर मंगलच्या हट्टानं आम्ही एकदा पुन्हा त्या गल्लीत गेलो. जज-दादू नव्हते, घोषालबाबूही नव्हते. आमच्या जुन्या दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते. मी वर पाहतोय असं बघून म्हणाले, "संध्याकाळी पाहू नका. तिथे बाई आहे."

"छे हो! बांबूला गुंडाळलेली साडी होती ती!"

"इथे एक मराठी गृहस्थ राहायचे, देबधरबाबू. त्यांनी प्रत्यक्ष पाहिली."

"त्यांचा घोटाळा झाला होता."

गृहस्थ भयंकर चिडले. "ते फार विद्वान होते, मोशाय! पुराव्याशिवाय शब्द बोलायचे नाहीत. त्यांना खोटं ठरवणारे तुम्ही कोण?"

मंगल पदरात तोंड खुपसून हसत होती. मी माफी मागितली. एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध बोलायची माझी काय छाती!