शिंप्याच्या सहीवाचून अडलेली इमारत

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली इमारत होती. मालकीण मी, पण भाडं जुन्या कायद्याचं. गच्चीला डांबर फासायचं म्हटलं तरी पुरायचं नाही. हे गेल्यावर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी ठरवलं, इमारत विकायची. बिल्डर तयार होता. पाचही भाडेकरूंना आणि मला नव्या इमारतीत घरं देणार होता, पण सगळ्यांच्या सह्या हव्यात म्हणाला. एकही कमी चालणार नाही.

इथे मी एक चूक केली. वकिलाने सांगितलं म्हणून प्रत्येकाला रजिस्टर पत्र पाठवलं. चौघांनी सह्या केल्या. खालचे शिंपी मात्र फुगून बसले. पुढच्या खोलीत मशीन, मागे संसार, असं त्यांचं तीस वर्षांचं बिऱ्हाड. मी खाली गेले, तर मान वर न करता म्हणाले, "वहिनी, दोन जिने उतरायला पाय दुखले का? पोस्टमन पाठवलात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! तिथेच पाटावर बसले. चहा आला, मग खरं कारणही आलं. बिल्डर त्यांना तिसरा मजला देत होता. "ब्लाऊजला बाही लावायला कोण बाई तीन मजले वर येईल? मशीन काय गच्चीत ठेवू?"

बिल्डर आला तेव्हा सगळ्यांना माझ्याच खोलीत बसवलं. तो पेढे घेऊन आलेला. मी शिंप्यांकडे बोट दाखवून म्हटलं, "यांना राहायला घर द्याच, पण रस्त्याकडचा एक गाळाही यांच्या नावावर लिहा."

"काकू, गाळ्यांवरच तर माझं गणित आहे."

"मग पेढे परत न्या. यांची सही नाही, तर माझीही नाही."

तो उठून गेला असता तर त्या गळक्या गच्चीखालीच माझं म्हातारपण गेलं असतं. तो शिंप्यांकडे बघत राहिला, मग हसला. "काकू, तुम्हाला माझ्या ऑफिसात घ्यायला पाहिजे," म्हणाला आणि कागद पुढे ओढून गाळा लिहिला. शिंप्यांनी टेप गळ्यात तशीच ठेवून सही ठोकली. मी पेढ्याचा पुडा फोडला.

दोन वर्षांनी मी नव्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. एका सकाळी बेल वाजली. दारात शिंपी, धापा टाकत, हातात नारळ.

"अहो, लिफ्ट आहे की!"

"असू दे. उद्या दुकानाची पूजा आहे, यायचं. आमंत्रण रजिस्टर करणार होतो, वहिनी. म्हटलं, नको, जिनाच चढावा."