दातांनी ऐकलेला रेडिओ

चौथीत असताना माझे दोन्ही कान वाहायचे. आई लसूण घालून तेल कढवायची, थेंब सोडायची, वर कापसाचा बोळा कोंबायची. आमचे उपचार तिथंच संपायचे. गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलले की माझ्यापर्यंत नुसती गुणगुण पोचायची. मग ते वळून प्रश्न विचारायचे, मी भलतंच उत्तर द्यायची आणि सगळा वर्ग खो खो हसायचा. गुरुजींचं ठाम मत होतं की मला चांगलं ऐकू येतं, मी सोंग करते. अशा माणसापुढं करायचं तरी काय? ऐकलं तर सोंग उघडं पडलं, नाही ऐकलं तर सोंग वाढलं.

माझे वडील साखर कारखान्यावर वॉचमन होते. त्या दुष्काळात उसाचाच पत्ता नव्हता, त्यामुळं कारखाना बंद आणि वडील जळकोटला घरी. शाळेची सहल धाराशिवला विज्ञानाचं संग्रहालय बघायला जाणार असं कळल्यावर त्यांनी गुरुजींना रस्त्यात गाठलं.

"गुरुजी, तिथं शिकलेली मान्सं असत्याल. पोरीचे कान खरंच खराब हायत का, तेवढं इचारा. खराब असले तर म्या तिला सोलापूरला दवाखान्यात नेतो. न्हायतर तुमी म्हंताव तसं सोंगच असंल."

गुरुजी "बघू" म्हणाले. हे सगळं मला आईनं सांगितलं. बहिरी ठरायला इतकी उतावीळ झालेली मुलगी आमच्या तालुक्यात दुसरी नसेल.

संग्रहालय म्हणजे एका शाळेच्या दोन खोल्या. माणसाचं शरीर बिघडलं तर यंत्र त्याला कशी मदत करतं, हे मुलांनी स्वतः वस्तू हाताळून बघायचं, अशी कल्पना होती. कल्पना फार चांगली होती. लाकडी पाय होता, त्याचा गुडघा वाकवून बघायचा. रबरी फुग्यांचं हृदय होतं, पायानं पंप दाबला की लाल पाणी नळ्यांतून फिरणार. पण प्यायलाच टँकरचं पाणी, तर हृदयाला कुठलं? पोरं कोरडा पंप दाबत होती आणि हृदय नुसतं फुसफुसत होतं. त्यात आमचे गुरुजी मागून ओरडत, "लांबून बघा! मोडलं तर कोन भरून देनार?" हाताळण्यासाठी मांडलेल्या वस्तू आम्ही हात मागं बांधून बघितल्या. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या खोलीत एक रेडिओ होता. त्याचा कर्णा काढून तिथं एक पोकळ लोखंडी कांडी बसवली होती. कानांत बोटं घालायची, कांडी दातांत धरायची, की आवाज हाडांतून थेट डोक्यात. समजावून सांगायला कॉलेजातली एक ताई उभी होती. पहिल्या मुलानं कांडी चावली, हसला, बाजूला झाला. दुसरा पुढं होईना.

"उष्टी हाय ती," तो म्हणाला.

गुरुजींनीही मान डोलावली. रांग तिथंच तटली. आमच्या बौद्धवस्तीतल्या मुली रांगेच्या शेवटी, हे गुरुजींना कुणी सांगावं लागत नसे. त्या दिवशी रांग शेवटपर्यंत येणार नाही अशीच लक्षणं होती. मला रडू यायला लागलं.

ताई मात्र हुशार. तिनं अंगणातल्या कडुनिंबाच्या काड्या मोडून आणल्या. गावंच्या गावं करपली होती, पण कडुनिंब तेवढा हिरवा होता. ज्यानं त्यानं आपली काडी घ्यायची, तिचं एक टोक कांडीच्या भोकात घट्ट बसवायचं, दुसरं दातांत धरायचं. काडीनं दात घासायची सवय सगळ्यांनाच होती, त्यामुळं कुणाची तक्रार उरली नाही.

शेवटी माझी पाळी आली. मी काडी चावली आणि माझ्या डोक्यात एक माणूस बोलायला लागला! दुष्काळात जनावरांचा कडबा कसा पुरवून वापरावा, हे तो सांगत होता. शब्द न् शब्द स्वच्छ. इतकं गोड मी जन्मात काही ऐकलं नव्हतं. काडी तोंडातून काढून मी ओरडले, "मला ऐकू येतंय! समदं ऐकू येतंय!"

गुरुजींनी टाळी वाजवली. ताई त्यांच्याशी हातवारे करून बोलायला लागली, तिचा चेहरा लालबुंद झाला. ते बोलणं मैत्रिणीनं मला परतताना एसटीत कानाशी तोंड लावून सांगितलं.

"अहो, हिचे कानाचे पडदे गेले असतील, आतली नस चांगली आहे. म्हणून तर काडीतून ऐकू आलं. हिला डॉक्टरकडं न्या. कानाला लावायचं यंत्र मिळतं," ताई म्हणाली होती.

"ऐकू आलं म्हंजे आलं. त्यात आतलं काय अन् भायेरचं काय?" गुरुजी म्हणाले होते. "पोरगी सोताच्या तोंडानं कबूल झाली की!"

मी त्याच तोंडानं गुरुजींना सांगत राहिले की काडीशिवाय येत नाही, कडबा सांगणारा माणूस फक्त दातांतून बोलतो. गाडीतली पोरं पोट धरून हसली.

गावात उतरल्यावर पोरांना घरी सोडायच्याही आधी गुरुजी आमच्या दारात आले. वडिलांशी बोलताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सोंग केलं म्हणून वडील चिडतील, या धास्तीनं मी अंग चोरून उभी होते. पण वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खुशीचं होतं. त्यांची पोरगी बहिरी नव्हती. सोलापूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. भांडायचं तरी कुणाशी? माझ्या चांगल्यासाठीच सगळे आनंदात होते.

तोवर आई मला काही सांगायची तर हातातलं काम टाकून यायची, हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडं वळवायची आणि मग मोठ्यानं बोलायची. त्या संध्याकाळी ती भाकरी थापत होती. चुलीकडं तोंड करून, माझ्याकडं न वळता, ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्येच तिचे खांदे हलले, बहुतेक हसली असावी. तिच्या पाठीकडं बघत मी "व्हय" म्हणाले.