दोघांचीही हरकत नाही

आमच्या पेडण्यात कुठलीही गोष्ट सांगायची तर ती मुळापासून सांगतात. कुणाची म्हैस हरवली एवढंच ऐकायला तुम्ही अंगणात टेकलात, तर आधी ती म्हैस कुणाच्या लग्नाच्या वर्षी घेतली, तिची आई किती गरीब होती, त्या साली काजू कसे धरले होते, हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. म्हैस हरवते ती चहाचा दुसरा कप संपता संपता. मी अशा माणसांत वाढले. त्यातून माझे बाबा गावाचं गाऱ्हाणं घालणारे. कुठल्याही शुभकार्याआधी ते देवासमोर उभे राहत, वेशीपासून डोंगरापर्यंतच्या सगळ्या देवांना, राखणदारांना, पूर्वजांना मानाच्या क्रमाने हाका मारत, गाव मागून "व्हय म्हाराजा!" म्हणत राही, आणि मागणं काय ते अगदी शेवटी येई. ऐकताना अंगावर काटा यायचा. बातमीही अशीच लिहायची असते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पणजीला पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी तिथे नाव घातलं. गोवा मुक्त झाल्यानंतर जन्मलेली आमची पिढी, आणि आमच्या वाड्यावरून हे असलं काही शिकायला निघालेली मी पहिलीच. गावातून सकाळची एकच बस. ती काल्याच्या रात्रीनंतर, म्हणजे देवळापुढे दशावतारी नाटक होऊन गेल्यापासून, यायची बंद झाली. हमरस्त्यावर जायचं तर काजूच्या बागांतून सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा कातळाचा माळ, ओलांडायचा, तोही उजाडायच्या आत.

"काळोखातसून सड्यार चलत? नाय हां," बाबांनी निकाल दिला. "म्हयन्याअखेर बस आयली तर आयली, नाय तर कॉलेज रवांदे."

तोवर मी म्हापशाला मावशीकडे राहायचं ठरलं. पुढच्या महिन्यात मावशीची लेक बाळंतपणाला येणार होती, तेव्हा तिथेही जागा नव्हती. म्हणजे महिनाअखेरपर्यंत बस आली तर मी पत्रकार, नाही तर घरी बसून काजूगर सोलायचे. मला पत्रकारच व्हायचं होतं, इतकं की त्या दिवसांत झोपेतही मी मथळे बनवायचे.

आमचे सर एका मराठी दैनिकात बातम्यांच्या टेबलावर उभं आयुष्य काढून आलेले. अंगाने काडी, आवाज मात्र भाकरीसारखा खरपूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आपापल्या गावची एक बातमी लिहून आणा. मी अर्थातच बसची लिहिली. जीव ओतून लिहिली. आरंभी ग्रामदेवतेचा महिमा, मग गावाचं निसर्गसौंदर्य, मग सरपंच, माजी सरपंच, देवस्थान समिती, यंदाचा काला कसा रंगला, संकासुराने लोकांना किती हसवलं, आणि शेवटच्या दोन ओळींत: अशा या गावात सध्या बस येत नाही, तरी बसवाल्यांनी आळस झटकावा.

सरांनी कागद वाचला. मग टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि खालचा चतकोर सरळ कापून टाकला. "पानावर जागा कमी पडली की पान लावणारा खालून कापतो," सर म्हणाले. "आता उरलेलं मोठ्याने वाच."

मी वाचलं. देवी होती, निसर्ग होता, संकासुर होता. बस गेली होती. अख्खा वर्ग पोट धरून हसला, आणि थोड्या वेळाने मीही हसले, कारण खरंच तसंच होतं: माझ्या बातमीतून बातमीच पडली होती.

"हे गाऱ्हाणं झालं," सर म्हणाले. बाबांविषयी त्यांना काही ठाऊक नव्हतं, तरी बरोबर तोच शब्द काढला. "देव शेवटपर्यंत ऐकतो. त्याला वेळ आहे. वाचकाला नाही. त्याचा पाव चहात भिजलेला असतो. बातमीला दारात आणून बसव. आणि बस का येत नाही ते बसवाल्यांना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? येत नाही ते दिसतंच आहे."

"विचारून ये."

म्हापशाच्या बस स्थानकावर एका गजाच्या खिडकीमागे गाड्या सोडणारा अंमलदार बसे. मी छाती पुढे काढून विचारलं, आमच्या गावावर हा अन्याय का? त्याने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"बाय, आमची बस येताली मगे तुमगेर. पूण परतूंक जागो खंय आसा? थंय तुमचो माटोव उबो!"

मी खिडकीसमोर खांबासारखी उभी. माटव! काल्यासाठी देवळापुढे घातलेला मांडव. गेले कित्येक दिवस तो बस वळते त्याच जागेवर उभा होता, आणि त्याच्या सावलीत बसून सगळा गाव बसवाल्यांना शिव्या घालत होता. मीही तिथेच बसून त्यांना आळशी ठरवलं होतं. मला त्या खिडकीपुढेच असं हसू फुटलं की अंमलदाराला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

हसू ओसरलं तेव्हा मात्र ध्यानात आलं: माटव का उभा होता तेही मला माहीत होतं. तो काढताना आधी गाऱ्हाणं घालायचं आणि मग मानकऱ्याच्या घरच्याने पहिला खांब उपटायचा, ही आमच्याकडची रीत. गाऱ्हाणं बाबांचं, खांब शेजारच्या मानकरी काकांचा. काल्याच्या रात्री मानाचा नारळ आधी कुणाच्या हाती दिला यावरून दोघांचं बिनसलं होतं. बाबा म्हणत, त्याने येऊन मला बोलवावं. काका म्हणत, त्याने यावं. आणि त्या दोघांच्या रुसव्याखाली माझं कॉलेज अडकलं होतं.

मी सरांना सगळं सांगितलं. ही तर आमच्या घरचीच भानगड, कशी लिहू?

"वडिलांचं नाव नसलं तर बातमी अडते?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग घालू नकोस. माटव नसला तर?"

"अडते."

"मग माटव राहू दे. आणि त्या दोघांनाही विचार. बसवाल्यांना विचारलंस तसंच."

शनिवारी घरी गेले. बाबा अंगणात सुंभ वळत बसले होते. मी कागद-पेन घेऊन समोर उभी राहिले आणि चक्क पुस्तकी मराठीत म्हणाले, "माटव काढण्याबाबत आपलं म्हणणं काय?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेनाकडे. सुंभ खाली ठेवला. सदरा घालून आले. खुर्चीत ताठ बसले आणि तितक्याच पुस्तकी मराठीत बोलले, "लिहा. माटव काढण्यास आमची काहीही हरकत नाही."

आई दारामागे तोंडाला पदर लावून हसत होती. मी तशीच शेजारी गेले. मानकरी काकांनी पेन पाहिलं, डोक्यावर टोपी चढवली, घसा साफ केला. "माटव काढण्यास आमचीही हरकत नाही." निघताना हळूच विचारलं, "तो काय म्हणालो गो?" मी म्हटलं, पेपरात वाचा.

बातमी पाच ओळींची झाली. पहिल्या ओळीत: काल्याचा माटव बस वळण्याच्या जागी उभा असल्याने गावची सकाळची बस बंद आहे. दुसरीत: माटव काढण्यास हरकत नसल्याचं गाऱ्हाणं घालणारे व मानकरी या दोघांनीही सांगितलं. ती एक ओळ जमवायला मला अख्खा रविवार लागला. सरांनी कात्री काढली नाही. बातमी त्यांनी आपल्या जुन्या कचेरीत नेऊन दिली आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात छापून आली, 'आमच्या वार्ताहराकडून'. खालची एक ओळ कापली गेली होती. विद्यार्थ्यांची गैरसोय होत असल्याची, म्हणजे माझ्याबद्दलचीच. तरी बातमी जागच्या जागी होती. मला तर पणजीच्या रस्त्यावर नाचावंसं वाटलं.

पुढचं आईने सांगितलं. बस बंद झाल्यापासून गावात पेपर यायचा तो पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलवरून, पावाच्या टोपलीवर. त्या सकाळी दुकानात कुणीतरी बातमी मोठ्याने वाचली. बाबा उंडे पाव घ्यायला आलेले, काका विडीला. दुसरी ओळ वाचून झाली तशी दुकानात जो हशा उसळला तो म्हणे देवळापर्यंत ऐकू गेला. दोघांनीही छापील हरकत नाही म्हटलेलं. आता कुणी कुणाला बोलवायचं हा प्रश्नच उरला नव्हता.

"चल रे," बाबा म्हणाले.

"चल मरे," काका म्हणाले. दुपारपर्यंत माटव उतरला होता.

महिना संपायच्या आत मी मावशीकडून पिशवी उचलून घरी आले. दुसऱ्या दिवशी बस यायची होती. झुंजुमुंजूला मी निघाले तर बाबा माझ्याआधी देवळापुढे हजर, धुतलेला सदरा घालून. बस आली, एका दमात वळली, वाहक दारातून खाली वाकून त्रासिक आवाजात ओरडला, "पेपरांत कोणें घातलें रे तें?"

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या वार्ताहरान," ते म्हणाले. "हां, ही बघ. रोज येतली. हिका कॉलेजाक वेळार पावय."

मी खिडकीपाशी जाऊन बसले. रडू येत होतं आणि हसूही. बस चढाला लागेपर्यंत बाबा तिथेच उभे होते.