शेहेचाळीस फेरे

त्या आठ मजली इमारतीत लिफ्टवाल्याला सगळे ‘सावकाशराव’ म्हणत. नाव पाडले होते त्यांच्या बायकोनेच. लिफ्ट बंद पडली, की आधी हात पुसायचे, मग चष्मा पुसायचा, मग मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची. एवढे झाल्याशिवाय ते कशालाही हात लावत नसत. लोक बोंबलत, मॅनेजरांच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण यांचा आवाज कधी चढला नाही. “सावकाश,” एवढेच म्हणत. आत अडकलेल्या माणसाला तो शब्द ऐकून धीर येई. बाहेरच्यांचे माथे भडके.

“आग लागली तरी हे आधी बादलीला कल्हई आहे का बघतील,” असे त्यांची बायको म्हणायची. लेक जन्मली तेव्हा ते दवाखान्यात सहा तास उशिरा पोचले होते. लेक मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, तरी ते सहा तास काही सरले नाहीत. भाजीत मीठ कमी पडले तरी गाडी फिरून तिथेच येई.

नवराबायको गच्चीवरच्या दोन खोल्यांत राहत. लिफ्टचे यंत्रघर शेजारीच, मधे फक्त एक भिंत. बायकोला दम्याचा जुना आजार होता. त्या दिवशी सकाळी तिने औषधाचा पंप कानाजवळ हलवून पाहिला आणि म्हणाली, “अहो, संपत आलाय. येताना आणा.”

“आणतो ना. संध्याकाळी. सावकाश.”

दुपारी पंप संपला. ते पाण्याच्या टाकीशी काहीतरी करत होते. त्यांना हाक मारण्यापेक्षा आपणच जाऊन आणलेला बरा, असे म्हणून ती रिकामा पंप मुठीत घेऊन लिफ्टमध्ये शिरली. समोरच्या रस्त्यावर औषधाचे दुकान होते. पाच मिनिटांचे काम.

टाकीवरून त्यांना मोटार घरघरल्याचे ऐकू आले, मग एक हिसका, मग काहीच नाही. यंत्रघराचे दार उघडले तर जळका वास नाकात गेला. मोटारीतून धुराची बारीक रेघ निघत होती. त्यांनी हात पुसले. चष्मा पुसला. मेन बंद केला, कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली. मग इंटरकॉमचा रिसीव्हर उचलला.

“कोण आहे आत?”

“मी... आहे,” पलीकडून आवाज आला. प्रत्येक शब्दामागे शिट्टी वाजत होती. “दुसरं कोण... असणार... नशिबात?”

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आवाजात मात्र त्यांनी काही येऊ दिले नाही. “पंप आहे ना जवळ?”

“आहे की. रिकामा. संध्याकाळी... भरून आणणार आहेत... म्हणे.”

एवढ्यात मॅनेजर आठ जिने चढून धापा टाकत आत आले. जाडजूड माणूस, घामाने निथळलेला. मोबाइल अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते, तेव्हा खालच्या बातम्या अशाच जिन्याने वर येत. “अहो, वहिनी अडकल्यात! अँब्युलन्स सांगितलीय. उभे काय राहिलात? मेन चालू करा, एकदा बटण दाबून बघू. आत्तापर्यंत दहा वेळा असं झालंय!”

“मोटार जळलीय. चालू केली तर पेट घेईल, आणि लिफ्टचा शाफ्ट म्हणजे धुराडं.”

“किल्ली द्या इकडे!”

“नाही.”

“बायको आहे ना तुमची? का दगड आहात?”

भिंतीवरचे मोठे चाक उतरवून सावकाशरावांनी मोटारीच्या दांड्यावर बसवले. असे चाक हाताने फिरवले, की लिफ्ट फेऱ्याला दोन इंच सरकते. पण त्याच वेळी दुसऱ्याने दांडा दाबून ब्रेक सुटा धरावा लागतो. हे दोघांचे काम. आणि आत एकच माणूस असला, की दोराच्या दुसऱ्या टोकाचे तोलाचे वजन भारी होते. ब्रेक जास्त वेळ सुटला तर लिफ्ट वरच्या बाजूला पळते आणि छताला जाऊन आदळते.

“मी ‘दाबा’ म्हटलं की दाबायचं, ‘सोडा’ म्हटलं की सोडायचं. बाकी काही करायचं नाही.”

मॅनेजरांनी दांडा धरला.

आणि तेव्हा सावकाशरावांची नजर दोरांवर गेली.

लिफ्टच्या तारेच्या दोरांवर पिवळ्या रंगाच्या खुणा असतात. खूण चौकटीशी जुळली, की लिफ्ट मजल्याला बरोबर लागली. यंत्रघरातून दुसरे काही दिसत नाही. गेल्या महिन्यात दोर नवे बसवले होते. रंगाचा डबा कोपऱ्यात तसाच होता, झाकणसुद्धा न उघडलेला. करू सावकाश, म्हणून राहिलेला. नवे दोर काळे कुळकुळीत होते, त्यांवर एक ठिपका नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या त्या एका शब्दाची किळस आली. पंप तसाच राहिला होता आणि खुणाही तशाच.

शाफ्टमधून खालच्या मजल्यांवरच्या लोकांचा गलका वर येत होता. कोणी दार ओढत होते, कोणी “वर घ्या”, कोणी “थांबा” म्हणत होते. एका ‘थांबा’चे घुमून चार ‘थांबा’ होत होते. त्यात खरा कुठला, हे देवालाही सांगता आले नसते.

त्यांनी रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरला. “अगं, जाळीच्या दारातून काय दिसतंय?”

“भिंत.”

“नुसती?”

श्वास ओढल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसता तोच. मग, “काहीतरी... लिहिलंय. तुमचंच... मेलं... गिचमिड अक्षर. तारीख आहे.”

ते शाफ्टमध्ये जिथे जिथे काम करत, तिथे भिंतीवर खडूने तारीख घालत. पंचवीस वर्षांच्या तारखा होत्या. कुठली कुठे आहे, हे त्यांना घरातल्या फडताळासारखे पाठ होते. “कुठली तारीख? वाच.”

तिने वाचली.

“ही तर... बाळीची...”

“हो. खालून निरोप आला तेव्हा मी तिथेच होतो. लिफ्टचा रूळ भिंतीला धरणारा कंस सुटला होता. तसाच टाकून आलो असतो तर लिफ्ट कोसळली असती. नंतर लिहिली.”

“मी तिकडे... कळा देत होते...” शिट्टी, पुन्हा शिट्टी, “आणि तुम्ही... भिंतीवर... अक्षर गिरवत होतात!”

“रागव, पण सावकाश रागव. तू उभी आहेस की बसलीस?”

“उभी.”

“तारीख डोळ्यांच्या वर आहे की खाली?”

“समोर.”

तो कंस चौथ्या मजल्याच्या उंबऱ्याखाली बरोबर तीन फुटांवर होता. आणि तिचे डोळे जमिनीपासून चार फूट आठ इंचांवर, त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीशी. म्हणजे लिफ्टची जमीन उंबऱ्याच्या ब्याण्णव इंच खाली. शेहेचाळीस फेरे.

“आता बोलू नकोस. हातात काय आहे, पंप ना? तो जाळीवर वाजव. मी एक फेरा फिरवला की एकदा वाजव. म्हणजे मला कळेल.”

काय कळेल, ते त्यांनी सांगितले नाही.

“दाबा,” ते म्हणाले. चाक फिरले. “सोडा.” टक्. “दाबा. सोडा.” टक्.

दहा झाले, पंधरा झाले. चाकाच्या कडेने तळहाताची साल निघू लागली. “जरा जोरात फिरवा हो!” मॅनेजर रडकुंडीला आले. “दाबा,” ते म्हणाले. विसाव्या फेऱ्याला टक् उशिरा आला. तेविसाव्याला अगदी हळू. चोविसाव्याला आलाच नाही. रिसीव्हरमध्ये काहीतरी घसरत खाली गेल्याचा आवाज झाला.

“अगं?”

काही नाही.

“अगं!”

मॅनेजर दांड्यावरच मटकन टेकले आणि चाक एकदम सावकाशरावांच्या हातातून पळू लागले. लिफ्ट सुटली होती. “सोडा!” ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण मॅनेजर चटका बसल्यासारखे बाजूला झाले. चाक थांबले. किती पळाले? त्यांनी डोळे मिटले. चाकाच्या कडेवरचा एक जुना पोचा दर फेऱ्याला त्यांच्या अंगठ्याखालून जात असे. तो दोनदा गेला होता. सव्वीस.

“माझ्याच्याने नाही होणार,” मॅनेजर म्हणाले.

“होणार. वीसच राहिलेत. माझ्याकडे बघू नका, दांड्याकडे बघा. दाबा.”

त्या वीस फेऱ्यांत त्यांच्या मनात काय होते, हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितले नाही. मॅनेजरांनी सांगितले ते एवढेच, की गृहस्थ मोजत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि मोजण्याचा ठेका एकदाही चुकला नाही.

“शेहेचाळीस. सोडा.”

खालून लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला. मग ओरडा. लिफ्ट उंबऱ्याला बोटभर कमी लागली होती.

ते धावत सुटले. सावकाशराव चार जिने धावत उतरले, हे पाहणारे लोक अजून सांगतात. चौथ्या मजल्यावर लिफ्ट रिकामी होती. आत एक चप्पल पडली होती, आणि रिकामा पंप. बायकोला लोकांनी अँब्युलन्समध्ये घालून नेले होते.

दवाखान्यात त्यांना तासभर बाकावर बसवले. शेवटी नर्सने आत बोलावले. बायकोच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, ओठ अजून निळसर होते, पण डोळे उघडे होते. कारकुनाने फॉर्म पुढे केला. “इथे सही, आणि तारीख घाला.”

त्यांनी पेन घेतले. पेन कागदाला लागेना. हात असा थरथरत होता, की पेन टेबलावर टकटक वाजू लागले. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरले, तर दोन्ही हात थरथरू लागले. एवढ्या तारखा लिहिलेल्या माणसाला आजची तारीख आठवेना.

“अहो काका, लवकर करा, बाहेर लोक खोळंबलेत,” कारकून म्हणाला.

बायकोने मास्क जरासा बाजूला केला. कारकुनाकडे एक नजर टाकली आणि मग सोललेल्या तळहातांकडे बघत राहिली.

“सावकाश लिहा,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”