तोंडात गुळणी

बोलायच्या आधी तो दोन बोटं गळ्यावर वाजवायचा आणि म्हणायचा, "थांबा, मशीन गरम होवंदे." असा एखादा तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत गणपतीचं गाऱ्हाणं त्याच्याकडे होतं.

तो मालवणीत देवाकडे एकेक मागणं मागायचा आणि आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचं. मागणं कसलं, लोकांची सालटी काढायचा. "सेक्रेटरीच्या डोक्यार चार केस उगव रे म्हाराजा!" सेक्रेटरीसुद्धा ओरडायचा; न ओरडून सांगतो कोणाला? कोणी गप्प दिसला की हा मध्येच थांबून विचारायचा, "कोण रे तो? तोंडात गुळणी धरलंस काय?"

साकीनाक्याला लेथ चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं. घशातला कॅन्सर बराच वाढलेला निघाला आणि रोबोटनं ऑपरेशन करायचं ठरलं, तर हा खूशच झाला. "डॉक्टर लांब बसान चालवतलो, आत मशीन कापतला. माणसाचो हात थरथरता, मशीनचो नाय," असं जिन्यात भेटेल त्याला सांगायचा. त्या वर्षी स्वतःसाठी त्यानं एकच मागितलं. "बाकी काय नेलंस तरी चलात, आवाज तेवढो राख रे म्हाराजा!" आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो.

मशीनचा हात खरंच थरथरला नाही. मानेला चीर न देता गाठ तोंडातूनच काढली, आवाजही राहिला. वर्ष उलटायच्या आत ती परत आली, आणि या खेपेला स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वासासाठी मानेला भोक राहिलं.

पुढच्या गणपतीत गाऱ्हाणं सेक्रेटरीनं घातलं. इतक्या वर्षांत त्याला ते लकबींसकट पाठ झालं होतं. हा गळ्याला फडकं बांधून पुढेच बसला होता. "सगळ्यांका निरोगी ठेव रे म्हाराजा!" आम्ही ओरडलो. सेक्रेटरीला चांगलाच चेव चढला होता. "कोण रे तो गप्प? तोंडात गुळणी धरलंस काय?"

सवयीनं आम्ही हसलो. मग आज कोण सापडला ते बघायला माना वळल्या, आणि सगळ्या त्याच्यापाशी थांबल्या. सेक्रेटरी पांढराफटक पडला. ह्यानं दोन बोटं गळ्याकडे नेली, ती फडक्याला लागली. मग ओठ हलले, "व्हय म्हाराजा." आवाज नव्हता, फडकं तेवढं हललं. मला सेक्रेटरीचा नाही, समोरच्या मूर्तीचा राग आला.

यंदा तो नव्हता. गाऱ्हाणं झकास झालं. कोणीही गप्प बसलं नाही.