ॲक्सलवरची फुली

आज गॅरेजात जीपखाली वाकलो, गिअर ऑइलचा उग्र वास नाकात गेला आणि शिरोलीचे ते म्हातारे मिस्त्री आठवले.

काही वर्षांपूर्वी ह्याच जीपचा पुढचा ॲक्सल त्यांनी बदलायला घेतला होता. जुन्यालाच रंग फासून परत बसवतील, असा माझा संशय. ते चहाला गेल्यावर मी जुन्यावर खिळ्यानं फुली मारून ठेवली.

काम झाल्यावर खाली शिरलो, तर ताज्या काळ्या रंगावर फुली!

"जुनाच बसवलाय की ह्यो!" मी ओरडलो.

मिस्त्रींनी कोपऱ्यात पडलेला जुना ॲक्सल दाखवला. त्यावरही फुली होतीच.

"चहा पिता पिता तुमाला खूण करताना बघितलं, पावणं. उद्या कुणी नवा बदलला तर? म्हणून त्याच्यावर बी मारली."

"काका, खाली काय बघताय?" आजच्या गॅरेजवाल्यानं विचारलं.

"ऑइल गळतंय का बघतोय," म्हणालो, आणि मिस्त्रींची फुली बोटानं चाचपून घेतली.